साठ मिनिटांच्या आत



मुंबईच्या विमानतळापासून दिल्लीच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती सुमारे ११४० किलोमीटर भरते. ही रेघ कुठून जाते ते एकदा नीट पाहा. घोडबंदरची खाडी ओलांडून ती वज्रेश्वरीवर येते, वाड्याच्या शेजारून सरकते आणि मुंबईपासून साधारण शंभर किलोमीटरवर जवळजवळ थेट आपल्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या माथ्यावर पोहोचते. देशातल्या सगळ्यांत गजबजलेल्या हवाई प्रवासाची रेघ आपल्या डोक्यावरून गेलेली आहे. प्रत्यक्ष विमानं या रेघेवरून तंतोतंत जात नाहीत. त्यांचे मार्ग आखलेले असतात आणि उतरताना नियंत्रण कक्ष सांगेल तसं वळावं लागतं. पण हिशेबासाठी रेघ पुरेशी आहे. ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाने जव्हार ते मुंबई हे सात मिनिटांचं अंतर. विमान तोवर उतरू लागलेलं असतं, वेग कमी झालेला असतो, पुढे रांग असते, म्हणून पंधरा-वीस मिनिटं धरा.

जमिनीवर हेच अंतर वाटेप्रमाणे सव्वाशे ते दीडशे किलोमीटरचं होतं आणि चार तास तरी घेतं. जव्हारहून नाशिक सरळ रेघेत साठ किलोमीटरच्याही आत आहे; मोखाडा, तोरंगणचा घाट, त्र्यंबक असं करत रस्त्याने ते ऐंशीच्या घरात जातं. आणि हे झालं जव्हार शहराचं. शहर सोडून, डांबरी सोडून, ओहोळापलीकडे जो पाडा आहे, त्याचं अंतर या हिशेबात अजून सुरूही झालेलं नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेला जमतो, ते याच पाड्यांवर पायी हिंडले. म्हणून आज अंतर हा विषय घेतला. मला एकच गोष्ट मांडायची आहे. आकाशात उडणाऱ्या माणसाच्या जिवासाठी जगाने अंतर मोजण्याची एक पद्धत ठरवली आणि ती कसोशीने पाळली. तीच पद्धत मोखाड्याच्या पाड्यावरच्या बाळंतिणीला लावली पाहिजे. ती लावता येते, आणि लावायला फार खर्चही येत नाही, असं माझं मत आहे.

आधी आकाशाकडे पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाची पोती घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. त्यांचं छोटं पुस मॉथ विमान ताशी दीडशे-एकशे साठ किलोमीटरने उडायचं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. कैरो आणि जिनिव्हा करत ते १० जूनला पोहोचलं. तोच साडेसात हजार किलोमीटरच्या आतला पल्ला आज न थांबता नऊ-दहा तासांत होतो. दोन शहरं जागची हललेली नाहीत. बदलला तो त्यांच्यामधला वेळ.

सरळ रेघेवर किती विसंबायचं, याचं माझं आवडतं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. तिकडे आपली मराठी मुलं मोठ्या संख्येने गेली, आणि इकडे पुण्या-नाशिकच्या घरांतून आई-वडील तिकीट काढताना एकच प्रश्न विचारतात : किती तास? किलोमीटर कुणी विचारत नाही. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही सेवा आधी अटलांटिकवरून जायची. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते विमान उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेलं. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटरने लांब. तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीच्या मार्गापेक्षा दोनेक तास लवकर. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात. आधी त्यांना तोंड देत जावं लागायचं, आता ते पाठीशी आले. लांबची वाट लवकर पोहोचवू शकते, ही गोष्ट वैमानिकाला ठाऊक असते. त्याच्या लेखी अंतर म्हणजे वारा, हवामान, इंधन आणि वाटेतले अडथळे धरून निघालेला वेळ.

अडथळा माणसाने घातलेलाही असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणारी विमानं वळसा घालून जाऊ लागली. लगेच नवे हिशेब झाले. किती इंधन जादा लागेल, किती कर्मचारी लागतील, कुठे थांबावं लागेल, सगळं काही दिवसांत कागदावर आलं. वर्तमानपत्रांत मथळे आले. तास-दोन तासांनी वाट लांबली तर एवढी यंत्रणा हलते, आणि हलायलाच हवी.

मोखाड्यात दर जूनमध्ये वाट लांबते. ओहोळ भरतो, गाडीरस्त्याचा चिखल होतो, जीप मुख्य रस्त्यावरच थांबते, मुक्कामी एसटी अलीकडच्या गावी राहते. उन्हाळ्यात अर्ध्या तासाची असलेली वाट आषाढात अडीच तासांची होते. पण सरकारी कागदावर त्या पाड्याचं अंतर बारा महिने तेवढंच लिहिलेलं असतं, आणि तेही किलोमीटरमध्ये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९५३ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने एक नियम केला. दोन इंजिनांच्या विमानाने असा मार्ग घ्यायचा, की वाटेतल्या कोणत्याही ठिकाणी एक इंजिन बंद पडलं, तरी उरलेल्या एका इंजिनावर ते साठ मिनिटांच्या आत उतरण्याजोग्या विमानतळावर पोहोचलं पाहिजे. हा नियम फार विचारपूर्वक केलेला आहे. तो सगळं ठीक चाललेलं असतानाचं अंतर विचारत नाही. बिघाड झाला आहे, वेग घटला आहे, अशा वाईट घटकेला आसरा किती मिनिटांवर आहे, ते विचारतो. शिवाय तो मार्गाची सरासरी मानत नाही. वाटेतला एकच टप्पा साठ मिनिटांच्या बाहेर गेला, तरी तो मार्ग बंद.

या एका नियमामुळे कित्येक वर्षं दोन इंजिनांच्या विमानांना अटलांटिकवरून जवळची वाट मिळाली नाही. कंपन्यांनी तक्रारी केल्या, पण नियम हटला नाही. इंजिनं भरवशाची झाली, हे आकड्यांनी सिद्ध झालं, तेव्हा १९८५ साली मर्यादा १२० मिनिटांवर गेली आणि १९८८ साली १८० वर. आज काही विमानांना ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. पण ती आपोआप मिळत नाही. विमानाचा प्रकार आणि चालवणारी कंपनी, दोघांनाही ती मिळवावी लागते. आसऱ्याचा विमानतळ त्या दिवशी, त्या वेळी, त्या हवामानात उघडा असायला हवा. नकाशावर नुसता असून भागत नाही. त्याखेरीज ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसरं ठिकाण, आणि तिथे पोहोचल्यावरही घिरट्या घालता येतील असं तीस मिनिटांचं इंधन टाकीत हवंच.

गर्भवतीच्या बाबतीत तर विमान कंपन्या आणखी जपतात. छत्तीस आठवडे उलटल्यावर सहसा कुणी तिला विमानात घेत नाही. आकाशात कळा सुरू झाल्या तर डॉक्टर आणि रुग्णालय तासन्‌तास दूर असतील, एवढंच त्यामागचं कारण. छत्तीस आठवडे उलटलेल्या स्त्रीला रुग्णालयापासून तासन्‌तास लांब ठेवणं धोक्याचं आहे, हे जगाने मान्य केलेलं आहे. मग पाड्यावर असलेली तीच स्त्री कोणत्या नियमात बसते?

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरला नाही, तर धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते. १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी मातामृत्यूंबद्दल एक मांडणी केली. ती आजही आरोग्यसेवेत शिकवली जाते. त्या म्हणतात, उशीर तीन जागी होतो : दवाखान्यात न्यायचं ठरवायला, तिथे पोहोचायला, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला. आपल्याकडे पहिल्या उशिरावर फार बोललं जातं. भगत, अंधश्रद्धा, घरच्यांचं अज्ञान. मला हे बोलणं अपुरं वाटतं आणि थोडं अन्यायाचंही. डोलीतून न्यायला आठ माणसं गोळा करायची, रात्रीच्या पावसात ओहोळ ओलांडायचा, पुढे गाडी मिळेल याची खात्री नाही, मोखाड्याहून जव्हारला आणि जव्हारहून नाशिकला किंवा सिल्वासाला पाठवतील हे आधीच ठाऊक, अशा घरातली सासू ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणते, तेव्हा ती वाटेचाच हिशेब करत असते. वाट अर्ध्या तासाची झाली की तिचं ठरवणंही लवकर होईल. दुसरा उशीर पहिल्याला जन्म देतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी भागातल्या एका पाड्यावर अपुऱ्या दिवसांची जुळी जन्मली आणि दोन्ही दगावली. रक्तस्राव होत असलेल्या आईला डोलीतून सुमारे तीन किलोमीटर खाली आणावं लागलं, कारण पाड्याला रस्ता नव्हता. आई वाचली. राज्यभर बातम्या झाल्या. तीन किलोमीटर! विमानाच्या वेगाने तेरा सेकंदांचं अंतर.

हा भाग दुर्गम आहे म्हणून सांगतात. पण इथले डोंगर अभियंत्यांना कधी दुर्गम वाटले नाहीत. याच डोंगरांतल्या वैतरणेवर मोडकसागर १९५७ साली झाला, मध्य वैतरणेचं उंच काँक्रीटचं धरण २०१४ साली पूर्ण झालं, आणि ते पाणी बोगद्यांतून आणि जलवाहिन्यांतून रोज मुंबईला पोहोचतं. जव्हारचं आकाशाशी नातंही जुनं आहे. संस्थानचे शेवटचे अधिपती राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात अधिकारी होते.

आणि मग डिसेंबर २०२१ मध्ये इथे खरोखरच एक हवाई सेवा उडाली. जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोविडच्या ३०० लसी पाठवल्या गेल्या. रस्त्याने ज्याला चाळीस मिनिटं लागली असती, ते काम नऊ मिनिटांच्या थोड्या वर झालं. राज्यातला हा बहुधा पहिलाच प्रयोग, असं तेव्हा जिल्हा प्रशासनाने सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मणिपुरात लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने लस गेली होती. रस्त्याने सव्वीस किलोमीटरची वाट आकाशातून पंधरा किलोमीटरची झाली आणि बारा-पंधरा मिनिटांत संपली. आफ्रिकेत रवांडा देश २०१६ पासून दूरच्या रुग्णालयांना मानवरहित विमानांनी रक्ताच्या पिशव्या पोहोचवतो आहे. तिथे हा प्रयोग राहिलेला नाही, ती रोजची व्यवस्था झाली आहे.

झापचं ते उड्डाण मला फार मोलाचं वाटतं. चाळीस आणि नऊ, हे दोन आकडे सरकारनेच जाहीर केलेले आहेत. म्हणजे या तालुक्यातलं अंतर मिनिटांत मोजता येतं, हे सरकारने स्वतः दाखवून दिलं. मात्र त्या उड्डाणाच्या मर्यादाही नीट समजून घेतल्या पाहिजेत. डिसेंबरचं आकाश मोकळं असतं. खरी गरज जुलैत असते, तेव्हा इथे ढग डोंगरावर टेकलेले असतात आणि वाऱ्यापावसात लहान यंत्र टिकत नाही. ड्रोन काही किलो वजन नेऊ शकतो. त्यात सर्पदंशावरचं औषध जाईल, रक्त जाईल, थंड ठेवावं लागणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन जाईल. बाई जाणार नाही. हेलिकॉप्टरचंही तेच. ढगांत ते उतरत नाही, त्याला सपाट मोकळी जागा लागते, आणि त्याच्या एका वर्षाच्या खर्चात कितीतरी साकव बांधून होतील. म्हणून पैसे एकाच कामापुरते असतील, तर मी साकव मागेन.

साकव आणि रस्ते का होत नाहीत, याची दोन कारणं नेहमी ऐकायला मिळतात. पहिलं लोकसंख्येचं. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाटीवरच्या वस्तीला ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागातल्या वस्तीला २५० लोकसंख्येची अट आहे. चाळीस घरांचा कातकरी किंवा वारली पाडा त्यात बसत नाही. आरोग्य उपकेंद्रही डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र २०,००० लोकांमागे एक, असं माणसं मोजून ठरतं. विमानाच्या नियमात प्रवासी किती, हा प्रश्नच नाही. विमानात दहा माणसं असोत की तीनशे, साठ मिनिटं ती साठच. मला हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

दुसरं कारण सांगतात ते जंगलाचं. जमीन वनखात्याची आहे, म्हणून रस्ता नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३ (२) याच अडचणीसाठी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा सोयींसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी पंच्याहत्तरपर्यंत झाडं, एवढ्या मर्यादेत ग्रामसभेच्या शिफारशीने जमीन देता येते. ग्रामसभेचा ठराव हा तिथे पहिला कागद आहे. तो ठराव कसा लिहायचा, हे प्रत्येक पाड्यावरच्या दोन-तीन तरुणांना आलं पाहिजे. इथे बसलेल्या शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

अंतर दुसऱ्या टोकाकडूनही कमी करता येतं. आपल्याच जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते करून दाखवलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळा अंगणात नेली. गुरांमागे रानात गेली, तर कुरणात नेली. आरोग्याच्या बाबतीत ‘माहेरघर’ योजना याच जातीची आहे. दिवस भरत आलेल्या बाईने आरोग्य केंद्राजवळ काही दिवस आधीच येऊन राहायचं, म्हणजे कळा सुरू होतील तेव्हा तिला वाटच चालावी लागणार नाही. कल्पना फार चांगली आहे. पण घरी दुसरी दोन लेकरं, कोंबड्या-शेळ्या, भाताची लावणी, बुडणारी मजुरी, हे सगळं टाकून ती कशी येणार? आणि दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेली बाई कोणत्या माहेरघरात येणार? तिची लेकरं आणि सोबतची बाई धरून जेवणाची आणि राहण्याची सोय झाली, बुडालेली मजुरी वेळेवर हातात पडली, तर माहेरघरं भरतील. आशाताईंना विचारा, त्या हेच सांगतील.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने पहिली करायची गोष्ट. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या प्रत्येक पाड्याचा मिनिटांचा नकाशा तयार करायचा. त्यात किलोमीटर लिहायचेच नाहीत. लिहायचं ते असं : आषाढातल्या रात्री, ओहोळ भरलेला असताना, मोबाइलला रेंज नसताना, डोलीतल्या बाईला जिथे शस्त्रक्रिया होते आणि रक्त मिळतं अशा रुग्णालयाच्या दारात पोहोचायला किती मिनिटं लागतात. १०८ ला फोन लावायला टेकडी चढावी लागत असेल, तर ती मिनिटं त्यात धरायची. रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं धरायची. पहिल्या रुग्णालयात डॉक्टर नसेल तर पुढच्यापर्यंतची मिनिटंही धरायची. साठच्या बाहेर गेलेला प्रत्येक पाडा लाल रंगात दाखवायचा, मग तिथे दोनशे माणसं असोत की वीस. साकव, रस्ता, रक्तसाठा, माहेरघर, ड्रोन यांपैकी काय केल्याने त्या पाड्याची किती मिनिटं वाचतात, ते शेजारी लिहायचं, आणि सगळ्यांत जास्त मिनिटं ज्याने वाचतात ते काम आधी धरायचं.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली महाराष्ट्राने २०१४ साली नियम केले. त्यांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊन स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट आहे. तेव्हा हे मोजमाप बाहेरून कुणी येऊन करण्याची वाट पाहू नका. आशाताई, अंगणवाडी सेविका, पाड्यावरची दोन तरुण मुलं आणि घड्याळ असलेला एक मोबाइल एवढं पुरतं. मोजणी उन्हाळ्यात करू नका. येत्या आषाढात, चालू पावसात, दिवेलागणीनंतर करा. रिकामी डोली घेऊन चाला. तालुक्याचे आरोग्य अधिकारी आणि बांधकाम खात्याचे अभियंते यांना लेखी बोलावणं द्या आणि बरोबर चालायला लावा. निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ ग्रामसभेच्या वहीत सगळ्यांच्या सह्यांनिशी नोंदवा, आणि त्या पानाची प्रत पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. मला कळवा, मी चालायला येईन.